आखाजीचा मुक्काम

धुळ्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. अशाच एका नंबरात भूपेंद्रचे पणजोबा मगनआबा यांनी कपाशीला बरा भाव आलेल्या साली घर बांधलं. खाली काळा दगड, वर सागवान, पुढे रस्त्याला लागून ओटा. पुढे शंभरेक वर्षं ते घर माणसांना आत घेत आणि बाहेर सोडत मुकाट उभं होतं. मग भूपेंद्रनं बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, पुण्याचा फ्लॅट काढून टाकला आणि जळगावच्या आकाश नावाच्या आर्किटेक्टला बोलावलं.

आकाश हात मागे बांधून घरभर फिरला. रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलावं तसा खालच्या आवाजात म्हणाला, "सर, या घराला श्वास घेऊ द्या."

"म्हणजे नक्की काय करायचं?"

"भिंती काढायच्या."

भिंती काढल्या. चूल होती तिथे कपडे धुण्याचं यंत्र आलं, धान्याची खोली होती तिथे न्हाणीघर आलं, आणि देव जिन्याखाली गेले. मधल्या बोळात छताला दिवे बसवले. माणूस आला की लागायचे, गेला की विझायचे. बेसिनच्या नळाखाली हात धरला की पाणी. ड्रॉवर कितीही रागानं लोटा, शेवटी अलगदच मिटणार. या घरात आता भांडण करायची सोय राहिली नव्हती, असं भूपेंद्र लोकांना सांगायचा आणि लोक हसायचे.

राहता राहिला उंबरठा. तो मगनआबांनी बसवलेला, अख्ख्या सागाचा, चार पिढ्यांच्या पायांनी मधोमध झिजून पन्हाळीसारखा झालेला. आकाशच्या मते तो अडखळण्याचा धोका होता. भूपेंद्रनं तो काढायला लगेच होकार दिला, पण कारण वेगळं होतं. फरशी झाडून पुसणारं ते गोल, चपटं यंत्र उंबरठ्याशी येऊन अडायचं आणि तिथेच कण्हत बसायचं.

यंत्रासाठी कोणी उंबरठा काढतं का, असं गल्लीतले लोक म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं की ते यंत्र वृषालीनं मागवलेलं होतं. वृषाली ही भूपेंद्रची आणि दिपमालाची एकुलती एक मुलगी. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. आईच्या कंबरेचं दुखणं बघून तिनं ते ऑनलाइन निवडलं, बापाच्या मागे लागून मागवलं, आणि खोकं दारात आलं तेव्हा ती डेंग्यूनं हॉस्पिटलात होती. खोकं उघडायला ती परत आली नाही. पुणं सोडायचं खरं कारण तेच. तेव्हा ते यंत्र या घरात अडता कामा नये, एवढंच भूपेंद्रला कळत होतं. उंबऱ्याची फळी आकाशनं वाया जाऊ दिली नाही. पॉलिश करून टीव्हीखाली शेल्फ म्हणून ठोकली. "याला स्टोरी आहे, सर," तो म्हणाला.

स्टोरी पुढे सुरू व्हायची होती.

गेल्या वर्षीची आखाजी ही नव्या घरातली पहिली. पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि बाकी ठिकाणी लोक त्या दिवशी सोनं घेतात. खानदेशात पितरांना पाणी पाजतात. लाल घागर भरायची, तिच्यावर छोटं मातीचं भांडं, त्यावर खरबूज, सांजा भरलेली गोड सांजोरी, आंबा. मग घरच्या कर्त्या माणसानं उंबरठ्याशी बसायचं, गेलेल्यांची एकेक करून नावं घ्यायची आणि प्रत्येक नावाला उंबरठ्यावर कुंकवाचं एक बोट ओढायचं. नाव घेतलं की ते माणूस आत येतं. दुपारी पुरणपोळी आणि आमरस जेवतं, घागरीतलं पाणी पितं. दिवस मावळला की ओल्या फडक्यानं बोटं पुसायची. म्हणजे पाहुणे निघाले. भूपेंद्रच्या घराची रीत अशी होती.

भूपेंद्रचा यावर विश्वास नव्हता. पण बँकेतही विश्वास नसलेल्या पुष्कळ गोष्टी त्यानं वेळच्या वेळी केल्या होत्या. घागर भरून तो दाराशी बसला, तर समोर सरळ गुळगुळीत फरशी. आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं याची खूण नाही. त्यानं अंदाजानं दाराच्या मध्यात फरशीवरच बोटं ओढली. मगनआबांपासून सुरुवात केली, आजी रुक्माबाई झाली, वडील अभिमननाना झाले, आई झाली आणि शेवटचं बोट वृषालीचं.

जेवणं झाली. उन्हानं गल्ली ओस पडली होती. शटरं अर्धी ओढलेली, कुत्रीसुद्धा ओट्यांखाली. नवराबायको एसी लावून पडले. आणि ठरल्या वेळी, दुपारी, वृषालीचं यंत्र आपल्या चार्जिंगच्या खोपीतून निघालं.

त्यानं दारातली कुंकवाची बोटं मनापासून पुसली. यंत्र चांगल्या कंपनीचं होतं, पण कुंकू त्याच्या ओल्या फडक्याला बसलं, आणि मग ते नेहमीसारखं घरभर फिरलं. दोघं उठून पाहतात तर दारापासून बैठकीत, बैठकीतून बोळात, स्वयंपाकघरात, न्हाणीघरापर्यंत, पलंगाखालीसुद्धा फिकट लाल रेघा. सरळ, समांतर, एकीलाही खंड नाही.

"चला, पितरांना घर दाखवून झालं," भूपेंद्र म्हणाला. दिपमाला हसली नाही. तिनं बादली आणली आणि रेघा पुसल्या. संध्याकाळी पुसायला उंबरठ्यावर काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दिवे लागू लागले.

दुपारचं. नेहमी दुपारचंच. बोळातला पहिला दिवा लागायचा, मग दुसरा, मग तिसरा, कोणी तरी गुडघे दुखत असल्यासारखं सावकाश चालावं तसे. इलेक्ट्रिशियन आला, शिडीवर चढला आणि म्हणाला, "पाल असेल, साहेब." भूपेंद्रनं पालीवर विश्वास ठेवायचा ठरवला. पण पाल रोज त्याच क्रमानं चालत नाही. शिवाय तिसऱ्या दिव्याच्या पुढे कोरी भिंत होती. तिथे येऊन दिवा थोडा वेळ जळत राहायचा, आणि मग भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातला लागायचा. महिनाभरानं भूपेंद्रला आठवलं. त्या भिंतीत पूर्वी दार होतं.

नंतर त्याला एकेक जण ओळखू येऊ लागला. पहाटे बेसिनचा नळ वाहायचा, ते मगनआबा. त्यांची चूळ भरण्याची ख्याती त्यानं लहानपणी ऐकली होती. कपडे धुण्याच्या यंत्रापाशी तासन्‌तास दिवा जळायचा, ती रुक्माबाई, चुलीशी बसलेली. बैठकीत टीव्हीच्या उजव्या हाताला, जिथे अभिमननानांची खाट असायची, तिथे कोणी बसलं की पाठीला गारवा लागायचा. एसी दुसऱ्या बाजूला होता. आकाशनं सगळ्या भिंती हलवल्या होत्या, पण ही माणसं आपापल्या जुन्या वाटेनं चालत होती.

भीती अशी भूपेंद्रला वाटली नाही. त्याला अवघडल्यासारखं झालं. वडीलधारे घरात असताना पाय पसरून बसावं कसं, हा प्रश्न निवृत्तीनंतर येईल असं त्यानं धरलं नव्हतं. बनियनवर फिरणं बंद झालं. फोनवर बोलताना आवाज खाली आला. रात्री त्याला झोप लागेना आणि दिवाळीपर्यंत तो अर्धा झाला. शेवटी तो दिपमालाला म्हणाला, "काही तरी करावं लागेल. गुरुजींना विचारतो. नाही तर दाराला पुन्हा उंबरठा तरी बसवू."

"काही करायचं नाही," दिपमाला म्हणाली.

"अगं, हे घरभर..."

"फिरू द्या. कोणाला त्रास आहे?"

"मला आहे."

तिनं त्याला दुपारी हाताला धरून बोळात उभं केलं. पहिला दिवा लागला, दुसरा, तिसरा; भिंतीपलीकडचा लागला. नाना किंवा आजी, कोणी तरी गेलं. मग काही वेळानं पुन्हा पहिला दिवा लागला. या वेळी भराभर, पळत आल्यासारखा दुसरा. तिसरा लागलाच नाही. दुसऱ्या दिव्याजवळ डाव्या हाताला एक लहान खोली होती. जुन्या घरात ती नव्हतीच. आकाशनं नवीन काढलेली. तिच्यात वृषालीचं टेबल, तिची पुस्तकं, सायकलचं हेल्मेट असं सगळं आणून मांडलं होतं आणि तिला कागदोपत्री पाहुण्यांची खोली म्हणत होते. त्या खोलीतला दिवा लागला.

"सगळे भिंतीतून जातात," दिपमाला हळूच म्हणाली. "ही दारातून जाते."

त्या दिवशी त्याला कळलं की गेले कित्येक महिने बायको दुपारी झोपत नव्हती. ती त्या खोलीत खुर्ची घेऊन बसत होती. घरात वाद संपला, म्हणजे दोघं बोलायचे थांबले. पितरांना घालवायचं तर मुलीलाही घालवायचं, आणि ठेवायचं तर स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं राहायचं. बँकेत अशा वेळी फाइल वर पाठवायची सोय होती. इथे वर कोणी नव्हतं.

वर नसलं तरी साक्रीला होतं. भूपेंद्रची थोरली बहीण कमलबाई दर आखाजीला माहेरी यायची. गेल्या वर्षी नातवाच्या बारशामुळे चुकली होती. या वर्षी ती आदल्या दिवशीच एसटीनं आली, रिक्षातून उतरली, ओट्यावर चढली आणि दारातच थबकली.

"भूपा, उंबरठा कथा गया रे?"

"काढला, अक्का. आतबाहेर एकसारखं केलं."

"कसाले?"

"ते यंत्र अडायचं."

कमलबाईनं कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहिलं. "याना करता? हाऊ काय जवाई शे का तुन्हा?" आणि बोलल्यावर तिनं जीभ चावली. दिपमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. मग कमलबाईनंच तिच्या हातातून तांब्या घेतला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. आत यायला ती काही केल्या तयार होईना. "माहेरमा पाय कोठे टाकू, तेच नही समजस," म्हणाली. शेवटी फरशीला हात लावून, तो कपाळाला लावून आत आली. परक्या देवळात शिरताना करावा तसा तो नमस्कार भूपेंद्रला वाटला.

दुपारी बोळातले दिवे लागले. कमलबाईनं हातातली कुरडई खाली ठेवली.

"दिवा कोनी लावा?"

"आपोआप लागतो, अक्का."

"आपोआप काहीच नही लागस."

तेव्हा भूपेंद्रनं सगळं सांगितलं. फरशीवरची बोटं, यंत्र, लाल रेघा. सांगताना तो विनोद करत गेला, कारण त्याला दुसरं सांगता येत नव्हतं. कमलबाई मधे एकदाही हसली नाही.

"बलायं, जेवाडं," ती म्हणाली, "आनि जावानी वाटच पुसी टाकी. नुसती पुसी नही, बठ्ठा घरमा फिरायी दिधी. आते त्यास्ले दार कोठे सापडी? जथं पाय ठेवतस तठे घरच शे." मग तिचा आवाज एकदम उतरला. "पन वरीस व्हयनं, भो. त्यास्नं पानी काय?"

"पाणी? नळ तर दिवसभर..."

"नळनं पानी हातवर पडस. त्यास्ना घसाखाले नही उतरस. नाव लिसन भरेल घागरनं तेवढं उतरस. ती घागर एक दिननी." कमलबाई बोळाकडे पाहत राहिली. तिथे कोणी नव्हतं आणि दिवा जळत होता. "वरीसभर तहानेल शेत बठ्ठा."

सगळे वर्षभर तहानलेले, हे ऐकून दिपमाला उठली आणि लहान खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा अंधार पडला होता. जेवली नाही. भूपेंद्रनं विचारलं तेव्हा म्हणाली, "उद्या उंबरठा बसवा."

वर्षभर भूपेंद्रला जे हवं होतं ते मिळालं होतं. त्याला रात्री अजिबात झोप लागली नाही.

सकाळी त्यानं टीव्हीखालची फळी स्क्रू काढून उतरवली. ती दाराला आखूड पडली, कारण आकाशनं दरम्यान दार रुंद केलं होतं. कमलबाईनं उरलेल्या फटीत परसातली एक वीट बसवली, वर शेण सारवलं आणि म्हणाली, "व्हयनं." दीड वर्षं चाललेल्या नूतनीकरणातलं एवढंच काम वेळेत झालं. दिपमालानं यंत्राची खोपी बंद करून वायर काढून घेतली.

घागर भरली. भूपेंद्र उंबरठ्याशी बसला. पॉलिश केलेल्या लाकडावर कुंकू धरेना, म्हणून कमलबाईनं आधी पाण्याचा हात फिरवला.

"मगनआबा." एक बोट.

पणजी झाली, आजोबा झाले. "रुक्माबाई." आत कुठे तरी ड्रॉवर अलगद मिटला. "अभिमननाना." त्याच्या पाठीला गारवा लागला. आई झाली. पुढचं बोट त्यानं कुंकवात बुडवलं आणि ते हवेतच राहिलं.

गल्लीत कोणी तरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू झाली, दूर गेली. भूपेंद्रनं बोट धोतराला पुसलं आणि उठायला लागला.

मागून दिपमाला म्हणाली, "एक राहिलं."

"राहू दे."

"अहो, एक राहिलं."

"नाव घेतलं नाही तर घालवावंही लागणार नाही," भूपेंद्र म्हणाला. त्यानं हे हिशेबाच्या स्वरात म्हटलं. "बाकीचे जाऊ देत. तिला काय घाई आहे? आत्ता तर आली. ती गेली तर दुपारी तू काय करशील?"

"माझं मी बघेन."

"मी काय करीन मग?"

हे वाक्य त्यालाही नवीन होतं. दिपमाला खाली त्याच्याजवळ येऊन बसली. तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला.

"मी रोज तिच्या टेबलावर ग्लास भरून ठेवते," ती म्हणाली. "थंड. तिला बर्फ लागायचा, म्हणून बर्फ घालून. संध्याकाळी बघते तर भरलेला. वर्षभर भरलेला. मला वाटायचं, तिचं मन नसेल. मागूनही मिळत नाही, हे कुठे ठाऊक होतं? हॉस्पिटलातसुद्धा शेवटी पाणीच मागत होती ना हो, आणि डॉक्टर देऊ नका म्हणाले होते." तिनं त्याचा हात धरून कुंकवाच्या वाटीत नेला. "नाव घ्या."

भूपेंद्रनं नाव घेतलं. आवाज बाहेर आला की नाही, त्याला सांगता आलं नसतं. पण बोट उमटलं, ते वाकडं उमटलं, आणि त्याच क्षणी घागरीवरच्या भांड्यातलं पाणी हललं. कमलबाईनं ते पाहिलं आणि पदर डोळ्यांवर ओढला.

त्या दुपारी घरात कोणी झोपलं नाही. पितरांचे म्हणून निखाऱ्यावर घास टाकले. पुरणपोळी करपल्याचा आणि तुपाचा वास बोळभर भरला. दिवे लागत होते, विझत होते. घागर मातीची होती आणि उन्हाळा धुळ्याचा होता, त्यामुळे पाणी कमी होण्याला दुसरीही कारणं असू शकतात, हे भूपेंद्रला माहीत होतं. दिवस कलला तेव्हा घागर कोरडी होती. तळाला ओलसुद्धा नव्हती.

मावळतीला कमलबाईनं फडकं भिजवून दिलं. भूपेंद्र एकेक बोट पुसत गेला. प्रत्येक बोटाला अंगावरून कोणी तरी ओलांडून गेल्यासारखी झुळूक, आणि मागे घरात थोडी आणखी पोकळी. नानांच्या वेळी ती झुळूक डोक्यावर घटकाभर थांबली. शेवटच्या बोटाशी त्यानं फडकं बाजूला धरलं. दिपमालानं ते घेतलं. पुसलं मात्र नाही. पावलं वाजण्याची वाट पाहत बसली. गल्लीत आखाजीची गाणी सुरू झाली होती. माहेरी आलेल्या पोरी कुठल्याशा झाडाला दोर बांधून झोके घेत होत्या, त्यांचं हसणं येत होतं. त्या हसण्याकडे कोणी तरी घाईनं निघाल्यासारखा वारा दोघांच्या मधून गेला. मग दिपमालानं शेवटचं बोट पुसलं. नीट, कोपऱ्यापर्यंत.

घर गप्प झालं. आत जायचं होतं, पण कोणी उठेना. तिघं ओट्यावरच बसून राहिले. अंधार झाला तरी कमलबाईनं पानाचा डबा उघडला नाही.

भूपेंद्र म्हणाला, "पुढच्या आखाजीला येईल ना, अक्का?"

"नाव लिशी तं यी."

"आणि आम्ही दोघं गेल्यावर? तिचं नाव कोण घेईल?"

कमलबाईला मुलं होती, नातवंडं होती. पण ती सगळी साक्रीच्या, तिच्या सासरच्या घराची घागर भरणारी.

"तेव्हा आपण तिथेच असू की," दिपमाला म्हणाली. "मग इकडून कशाला कोणी हाक मारायला पाहिजे?" ती आदल्या रात्रीपासून उपाशी होती. हात पुढे करून म्हणाली, "अक्का, एक सांजोरी द्या. भूक लागली."